कार्ट भरून गिऱ्हाईक गायब होतंय? या क्रमाने तपासा

मी ऑनलाइन दुकानांची चेकआउटं (पत्ता भरण्यापासून पैसे भरेपर्यंतची पानं) दुरुस्त करते, बरीच वर्षं हेच काम, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तेच जुनं दुखणं घेऊन येतं: "लोक कार्ट भरतात आणि पैसे न भरताच निघून जातात, काय करू?" दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. लांबलचक झालंय, पण वरून खाली क्रमाने जा. वरचं फुकट आणि सोपं आहे, खालचं वेळखाऊ आणि खर्चाचं.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते ठरवा, कारण "कार्ट सोडून जातात" हा एक आजार नाहीच, सात-आठ वेगवेगळ्या आजारांना पडलेलं एकच नाव आहे.

- कार्टमध्ये माल रोज पडतोय पण चेकआउटच्या पानापर्यंत फारसं कोणी जातच नाही.
- चेकआउट उघडतात, पत्ता भरतात, डिलिव्हरीचा खर्च दिसला की गायब.
- पेमेंटच्या पानावर जातात, तिथून परत येत नाहीत, ऑर्डर 'पेंडिंग' म्हणून पडून राहते आणि थोड्या वेळाने आपोआप कॅन्सल होते.
- कम्प्युटरवरून ऑर्डरी येतात, मोबाइलवरून जवळजवळ नाहीत.
- गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले गेले, तुमच्याकडे ऑर्डरच नाही.
- गिऱ्हाईक म्हणतं काल कार्ट भरून ठेवली होती, आज रिकामी.
- एका रात्रीत शेकडो कार्ट, सगळ्यांत तीच एक सगळ्यात स्वस्त वस्तू.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा, हा फार महत्त्वाचा: हे हळूहळू वाढलंय की एका ठराविक दिवसापासून धपकन पडलंय? धपकन पडलं असेल तर काहीतरी मोडलंय, आणि त्या दिवसाच्या आसपास काय बदललं (दुकानाला जोडलेल्या जादा प्रोग्रामचं म्हणजे प्लगिनचं अपडेट, नवीन थीम, गिऱ्हाईकाचे पैसे घेऊन देणाऱ्या सेवेची म्हणजे गेटवेची नवीन सेटिंग) हे आठवलं की निम्मं काम झालं. पहिल्यापासूनच असं असेल तर मोडलेलं काही नाही, रचनाच चुकलीये किंवा किंमत लोकांना पटत नाहीये.

आणि हो, आकडा शून्यावर आणायच्या नादी लागू नका. बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था बऱ्याच अभ्यासांची सरासरी काढून ठेवते, ती वर्षानुवर्षं सुमारे ७० टक्क्यांच्या आसपास फिरतेय. म्हणजे दहा कार्टमधल्या सात सोडल्या जाणं ही जगाची रीतच आहे. लोक कार्टचा वापर वहीसारखा करतात, नंतर बघू म्हणून टाकून ठेवतात, चार दुकानांतल्या किमती ताडून बघतात, नुसता डिलिव्हरीचा खर्च किती येतो ते बघायलाही टाकतात. या लोकांना वाचवायचं नसतं. घ्यायला खरंच आलेला, कार्ड हातात घेऊन बसलेला आणि तरी अडकलेला माणूस, त्याच्यासाठी ही सगळी खटपट.

पहिली तपासणी: स्वतःच्या दुकानातून स्वतः विकत घ्या

हसू नका. मालक लोक हे करतच नाहीत. किंवा करतात ते ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ॲडमिन म्हणून लॉगिन राहून, पत्ता आधीच सेव्ह असताना. ते काही खरं नाही. फोन घ्या, शक्यतो जुना आणि लहान स्क्रीनचा, वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, प्रायव्हेट विंडो उघडा, लॉगिन करू नका, आणि खऱ्या कार्डाने खरे पैसे भरून ऑर्डर पूर्ण करा. टेस्ट मोड नाही, खरे पैसे, नंतर रिफंड करता येतात आणि रिफंड नीट होतो का तेही कळतं.

हे का करायचं ते एका उदाहरणाने सांगते. एका दुकानदाराने दोन महिने डिस्काउंट वाढवत नेला, मोबाइलवरच्या ऑर्डरी काही वाढेनात. मी फोनवरून उघडलं तर खाली कुकीची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती बारीक नोंद) परवानगी मागणारी पट्टी आणि त्या पट्टीखाली बरोब्बर 'पुढे जा' हे बटण दबलेलं. मोठ्या फोनवर दिसत होतं, लहानवर नाही. मालकाने ती पट्टी कधीच 'मान्य' करून टाकलेली त्यामुळे त्याला ती परत कधी दिसलीच नाही, आणि गिऱ्हाईक बटण शोधून शोधून निघून जात होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दुरुस्ती किती वेळाची? दहा मिनिटांची.

घेताना मुद्दाम चुकाही करा. पिनकोड चुकीचा टाका, फोन नंबरात मोकळी जागा सोडा, आडनाव टाकूच नका, आणि बघा दुकान काय म्हणतं. चूक कुठे झाली ते त्या रकान्यापाशी सांगतं का, की वर कुठेतरी लाल पट्टीत 'काहीतरी चुकलं' एवढंच? आणि सगळ्यात वाईट म्हणजे चुकीनंतर सगळा फॉर्म रिकामा होतो का? होत असेल तर तो माणूस दुसऱ्यांदा भरत नाही, मी पण नाही भरत.

तुमच्या जाहिराती इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर असतील तर हेच परत त्या ॲपमधल्या लिंकवरून करा. ॲपच्या आत जो ब्राउझर उघडतो तो फोनच्या नेहमीच्या ब्राउझरपेक्षा वेगळा, त्याच्यात सेव्ह केलेले पासवर्ड आणि कार्डं सहसा नसतात आणि पेमेंटसाठी नवीन खिडकी उघडायची झाली तर बरेचदा ती उघडतच नाही. जाहिरातीचे पैसे जातायत, कार्ट भरतायत आणि शेवटी काहीच नाही, असं असेल तर आधी इथे बघा.

मग दुसऱ्या कोणाला तरी द्या, ज्याने तुमचं दुकान कधी बघितलं नाही असा माणूस. त्याच्या शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हे तोंड बंद ठेवणं फार अवघड जातं, "अरे वरती आहे ना बटण" असं आपोआप निघतं. गिऱ्हाईकाच्या शेजारी बसून सांगायला तुम्ही नसता, म्हणून नाही बोलायचं.

नेमकं कुठून पळतायत ते आकड्यात बघा

गूगल ॲनालिटिक्स लावलेलं असेल (साइटवर लोक काय करतात ते मोजतं, फुकट आहे) तर त्यात दुकानासाठी ठरलेले इव्हेंट, म्हणजे मोजायच्या पायऱ्या, असतात: ॲड टू कार्ट, व्ह्यू कार्ट, बिगिन चेकआउट, ॲड शिपिंग इन्फो, ॲड पेमेंट इन्फो आणि शेवटी पर्चेस. यांचा फनेल रिपोर्ट बनवा, म्हणजे वरून शंभर आले तर प्रत्येक पायरीवर किती उरले ते दिसतं. कुठल्या पायरीवर सगळ्यात मोठी गळती आहे तेवढंच बघायचं, आणि मग तेच मोबाइल-कम्प्युटर, ब्राउझर आणि देश असं वेगवेगळं करून बघायचं. फक्त सफारीवर गळती असेल तर तो तांत्रिक घोळ, किंमत सफारीवाल्यांनाच महाग वाटते असं तर होणार नाही ना.

हे न करता लोक थेट डिस्काउंटच्या मागे लागतात, बटणाचा रंग बदलतात, चॅटची खिडकी लावतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. 'पर्चेस' हा इव्हेंट बऱ्याच दुकानांत धन्यवादाच्या पानावर मोजला जातो, आणि पैसे भरून झाल्यावर माणसाने तिथूनच ब्राउझर बंद केला तर ऑर्डर झाली पण मोजली गेली नाही. ॲड-ब्लॉकरमुळे, कुकीला नकार दिल्यामुळेही मोजणी चुकते. म्हणून ॲनालिटिक्सच्या ऑर्डरी, दुकानाच्या ऑर्डरी आणि गेटवेवर खरे जमा झालेले व्यवहार असे तीन आकडे एका आठवड्याचे शेजारी शेजारी लिहा. माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींचा प्रॉब्लेम इथेच संपलाय, कार्ट सुटतच नव्हत्या, मोजल्या जात नव्हत्या.

आणि बॉट, म्हणजे माणसासारखे साइटवर फिरणारे प्रोग्राम. सोडलेल्या कार्टमधल्या सगळ्या माणसांच्या नसतात. गूगलचा एक बॉट खरोखर वस्तू कार्टमध्ये टाकून बघतो, पानावरची किंमत आणि कार्टमधली किंमत जुळते का ते तपासायला. २०२० च्या सुमारास बऱ्याच दुकानदारांना 'जॉन स्मिथ' नावाचं एक गिऱ्हाईक दिसायचं, सारखं कार्ट भरायचं आणि कधी काही घ्यायचं नाही, लोक हैराण, तो हाच बॉट निघाला. असे बॉट निरुपद्रवी, पण तुमचा आकडा फुगवतात. दुसरे असतात ते निरुपद्रवी नाहीत, त्यांच्यावर खाली येते.

शेवटी वाढणारा आकडा

बेमार्डच्या पाहण्यांमध्ये लोकांना सोडून जाण्याचं कारण विचारलं की 'आयत्या वेळी वाढलेला खर्च' हेच पुन्हा पुन्हा वर येतं: डिलिव्हरी, टॅक्स, कसलीतरी फी. मला याचं काही आश्चर्य वाटत नाही. माणसाने मनात एक आकडा पक्का केलेला असतो, चेकआउटच्या तिसऱ्या पायरीवर तो बदलला की त्याला खर्चापेक्षा फसवल्याचाच राग जास्त येतो.

उपाय पैशाचा नाहीये, जागेचा आहे. डिलिव्हरीचा खर्च वस्तूच्या पानावरच सांगा, निदान कार्टमध्ये तरी. ठराविक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट असेल तर अजून किती घ्यायला हवं ते कार्टमध्ये लिहा. कुठल्या तारखेपर्यंत मिळेल ते लिहा, '३ ते ५ कामाचे दिवस' वाचून माणूस कॅलेंडर काढून बसत नाही. परत करायचं झालं तर काय, तेही एका ओळीत तिथेच.

कूपनचा रकाना हा माझा खास राग. चेकआउटमध्ये भलामोठा 'कूपन कोड टाका' असा डबा ठेवतात आणि ज्याच्याकडे कोड नाही त्याला वाटतं आपणच येडे, सगळ्यांना स्वस्तात मिळतंय. मग तो दुसऱ्या टॅबमध्ये कोड शोधायला जातो आणि तिकडेच हरवतो. डबा काढून टाकू नका, एका बारीक लिंकमागे लपवा. ज्याच्याकडे कोड आहे तो शोधून काढतोच.

इथेच एक तांत्रिक गोष्ट तपासा, सेटिंगमधली आहे, तुम्हाला जमेल. डिलिव्हरीचे झोन. एखादा भाग कुठल्याच झोनमध्ये नसेल तर तिथल्या गिऱ्हाईकाला 'तुमच्या पत्त्यासाठी डिलिव्हरीचा पर्याय नाही' एवढंच दिसतं. तसंच कुरिअरचे दर थेट आणणारं प्लगिन असेल आणि एखाद्या वस्तूचं वजन भरायचं राहिलं असेल तर त्या वस्तूसाठी दरच येत नाही आणि पुढे जाता येत नाही. एका ठिकाणी सगळं चालत होतं, फक्त नवीन आलेला माल विकला जात नव्हता, आणि मालकाला वाटलं नवीन डिझाइन लोकांना आवडलं नाही! वजनाचा रकाना रिकामा होता फक्त. एकूण सतरा वस्तूंचा, मी स्वतः भरून दिला.

खातं उघडायची सक्ती, आणि फॉर्म

युजेबिलिटीवाले (साइट वापरायला किती सोपी ते तपासणारे) जॅरेड स्पूल यांनी सांगितलेला एक किस्सा या धंद्यात सगळ्यांना माहितीये. एका मोठ्या दुकानात चेकआउटच्या आधी लॉगिन करा किंवा नोंदणी करा असा फॉर्म यायचा. त्यांनी 'नोंदणी' हे बटण काढून तिथे 'पुढे चला' ठेवलं आणि शेजारी लिहिलं की खरेदीसाठी खातं लागत नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची जास्तीची विक्री झाली. एक बटण! नवीन माणसाला नातं जोडायचं नसतं, वस्तू घ्यायची असते, आणि जुन्या गिऱ्हाईकाला कुठल्या ईमेलने खातं काढलं होतं तेच आठवत नसतं. वूकॉमर्स, शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्याशिवाय खरेदी ही नुसती सेटिंग आहे, टिक करा, झालं. खातं उघडायचं असेल तर ऑर्डर झाल्यावर विचारा, तेव्हा फक्त पासवर्ड मागायचा उरतो.

मग फॉर्म. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा, हा नसेल तर पार्सल पोचणार नाही का? कंपनीचं नाव, फॅक्स (खरंच अजून दिसतो), जन्मतारीख, 'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत' हे सगळं उडवा. फोन नंबर लागत असेल तर कशाला लागतो ते लिहा, नाहीतर लोक खोटा टाकतात आणि मग कुरिअरवाला कोणाला फोन लावणार. बिलाचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता एकच आहे हे आधीच टिक केलेलं असू द्या.

मोबाइलवर दोन बारीक गोष्टी बघा ज्या कोणी बघत नाही. नंबरच्या रकान्यात अंकांचा कीबोर्ड उघडतो का, आणि ब्राउझर नाव-पत्ता आपोआप भरून देतो का. हे दोन्ही एचटीएमएलमधल्या एकेका ॲट्रिब्यूटवर अवलंबून असतं, डेव्हलपरला सांगितलं तर तासाभरात होतं. आयफोनवर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की त्यावर बोट ठेवताच सगळं पान झूम होतं आणि माणूस इकडे तिकडे सरकवत बसतो. नाव तपासणारे नियम पण ढिले करा, जगात एकाच शब्दाचं नाव असणारी, आडनाव नसणारी, नावात जोडरेघ असणारी माणसं आहेत आणि त्यांनाही वस्तू घ्यायच्या असतात.

(ॲमेझॉनला एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं होतं, ते २०१७ मध्ये संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. फॉर्म न भरायला लावणं किती मोलाचं आहे ते यावरून समजा.)

कार्ट आपोआप रिकामी होते

इथून पुढे थोडं अवघड. गिऱ्हाईक म्हणतं की मी टाकलं होतं आणि आता नाही, आणि तुम्हाला वाटतं तेच विसरलं असेल. बहुतेक वेळा ते विसरलेलं नसतं.

पहिला संशयित कॅश. दुकान जलद व्हावं म्हणून कॅशचं प्लगिन किंवा सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पानं वाटणारी सेवा) लावतो, ते पानाची एक प्रत साठवून सगळ्यांना तीच वाटतं. वस्तूंच्या पानाला चालतं. कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही तीन पानं मात्र कॅशमधून वगळलेलीच पाहिजेत, नाहीतर कोणाचीतरी रिकामी कार्ट सगळ्यांना दिसते. सेटिंगमध्ये जाऊन बघा, वगळायच्या पानांची यादी असते. आणि जर कधी एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचं नाव किंवा पत्ता दिसला असं कळलं, तर वाचायचं थांबवा, कॅश पूर्ण बंद करा, चेकआउट बंद ठेवा आणि जाणकाराला बोलवा. ती दुरुस्तीची गोष्ट राहिली नाही, लोकांची खासगी माहिती फुटलीये.

दुसरा संशयित सफारी. जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सफारी सात दिवसांपेक्षा जास्त टिकू देत नाही, २०१९ पासून. तुमची कार्ट अशा कुकीवर उभी असेल तर पगाराची वाट बघणाऱ्या माणसाची कार्ट पगाराआधीच पुसली जाते. कुकी सर्व्हरकडून ठेवून घ्यायची, हे डेव्हलपरचं काम.

तिसरा, प्लगिनांची मारामारी. वूकॉमर्सने ८.३ पासून, म्हणजे २०२३ च्या शेवटापासून, नवीन दुकानांना ब्लॉकचं (तुकडे जोडून बनणारं, नव्या पद्धतीचं) चेकआउट द्यायला सुरुवात केली, आणि जुन्या शॉर्टकोडच्या चेकआउटसाठी लिहिलेली बरीच प्लगिनं त्यात चालत नाहीत, चूकही दाखवत नाहीत, नुसती गप्प बसतात. नवीन चेकआउटवर गेल्यापासून गळती वाढली असेल तर तिथे बघा. एकेक प्लगिन बंद करून बघायचं, पण चालू दुकानावर नाही, स्टेजिंगवर. स्टेजिंग म्हणजे काय माहीत नसेल तर होस्टिंगवाल्याला विचारा, बरेच जण एका बटणात प्रत करून देतात.

वेगाबद्दल एवढंच: गूगलच्या मापाने पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हललं पाहिजे. पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकून फुकट बघता येतं. चेकआउट मंद असेल तर नव्वद टक्के दोष तिथे लोड होणाऱ्या फालतू स्क्रिप्टचा (पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) असतो, चॅट, लोक कुठे क्लिक करतात ते टिपणारा हीटमॅप, तीन तीन जाहिरातवाल्यांचे माग ठेवणारे पिक्सेल... नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे हां, कुठल्या अभ्यासाचा नाही.

पेमेंट: हातातोंडाशी आलेला घास

गळती पेमेंटवर असेल तर आधी गेटवेचा डॅशबोर्ड उघडा आणि फसलेल्या व्यवहारांची कारणं बघा. चार ढीग करा: बँकेने नाकारलं, ओटीपी किंवा थ्रीडी सिक्युअरमध्ये (कार्डवाला खरा आहे का ही बँकेची जादा तपासणी) अडकलं, गिऱ्हाईकाने स्वतः रद्द केलं, आणि सुरूच झालं नाही. शिल्लक नाही म्हणून बँकेने नाकारलं त्यात तुम्ही काही करू शकत नाही, फक्त दुसऱ्या पद्धतीने भरायचा पर्याय लगेच पुढे ठेवा, कार्ट रिकामी न करता. 'सुरूच झालं नाही' चा ढीग मोठा असेल तर पेमेंटचं पानच उघडत नाहीये, परत पहिल्या तपासणीकडे जा.

ओटीपीत अडकलेल्यांबद्दल: माणूस फोनवर मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, परत येतो तोवर काही फोन ब्राउझरचं पान नव्याने लोड करतात आणि सगळं जातं. तुमच्याकडून एवढं करता येतं की परत आल्यावर त्याला भरलेली कार्ट आणि 'पुन्हा प्रयत्न करा' दिसावं, मुखपृष्ठ नाही.

आता माझ्या आवडीचा घोळ. पैसे भरून गिऱ्हाईक दुकानात परत येतं आणि तिथे ते लॉगआउट झालेलं असतं, कार्ट रिकामी, ऑर्डर पेंडिंग. झालं काय, की २०२० मध्ये क्रोमने कुकीचा नियम बदलला, ज्या कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची का, हे सांगणारी खूण) काही लिहिलेलं नाही ती दुसऱ्या साइटवरून पोस्ट (फॉर्म पाठवायच्या) पद्धतीने परत येताना पाठवायची नाही. गेटवे गिऱ्हाईकाला नेमका असाच परत पाठवत असेल तर दुकान त्याला ओळखतच नाही. आणि गंमत अशी की कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर क्रोम तिला सूट देतो. त्यामुळे डेव्हलपर भराभर टेस्ट करतो, दोन मिनिटांच्या आत सगळं उरकतं, "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतो, आणि कार्ड शोधायला उठलेलं, ओटीपीची वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक मात्र अडकतं. म्हणून टेस्ट करताना पेमेंटच्या पानावर पाच मिनिटं नुसते बसा, मग भरा. या एका युक्तीने मी किती दुकानांचा घोळ पकडलाय.

पैसे कापले पण ऑर्डर नाही, हे वेबहुकचं लक्षण. पैसे मिळाल्यावर गेटवे तुमच्या सर्व्हरला गुपचूप एक निरोप पाठवतो, गिऱ्हाईकाने ब्राउझर बंद केला तरी पाठवतो, आणि तो पोचला की ऑर्डर पक्की होते. फायरवॉलने तो अडवला, किंवा गेटवेची गुप्त किल्ली (पासवर्डसारखी) बदलली आणि दुकानात जुनीच राहिली, तर निरोप वाया जातो. वूकॉमर्समध्ये माल राखून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटांची असते, तेवढ्यात पैसे आल्याचं कळलं नाही तर पेंडिंग ऑर्डर कॅन्सल होते. म्हणजे पैसे तुमच्याकडे, ऑर्डर रद्द, आणि गिऱ्हाईकाच्या लेखी तुम्ही चोर. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये वेबहुकची नोंद असते, तिथे लाल ओळी दिसतात का एवढं बघा. दिसल्या तर पुढचं स्वतः करू नका.

आठवण करून देणारी मेल सगळ्यात शेवटी

सगळे हे पहिलं करतात, मी शेवटी ठेवते. दार अडकलेलं असताना लोकांना परत बोलावून काय मिळणार, दुसऱ्यांदा अडकायला? दार दुरुस्त झालं की मग मेल. पहिली काही तासांत, साधी, 'तुमची कार्ट ठेवलीये' एवढीच, आणि लिंक अशी की दुसऱ्या फोनवर उघडली तरी तीच कार्ट भरलेली दिसेल (हे बरेचदा तुटलेलं असतं, तपासा). पहिल्याच मेलमध्ये डिस्काउंट देऊ नका, लोक हुशार असतात, दोनदा मिळालं की तिसऱ्यांदा मुद्दाम कार्ट सोडून वाट बघतात, आणि मग ती कार्ट राहत नाही, लाडावलेलं कार्टं होतं. ऑर्डर झाली की पुढच्या मेल थांबल्याच पाहिजेत. गिऱ्हाईकाची परवानगी, मेल बंद करायची सोय आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलीये हे दाखवणाऱ्या सेटिंग) नीट लावलेलं हवं. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून भरपूर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय.

कुठे थांबायचं

स्वतः हात घालू नका असं स्पष्ट सांगते, या वेळी: वेबहुक फसतायत. दुसऱ्याची माहिती दिसली. चेकआउटच्या पानावर तुम्ही न लावलेली स्क्रिप्ट सापडली, किंवा कार्डाचा नंबर मागणारा रकाना नेहमीपेक्षा वेगळा दिसतोय, कारण कार्ड चोरणाऱ्या टोळ्या अशाच बारीक स्क्रिप्ट घुसवतात आणि दुकान वरवर नीट चालत राहतं (म्हणूनच कार्ड कंपन्यांच्या पीसीआय नियमांत पेमेंटच्या पानावरच्या स्क्रिप्टवर लक्ष ठेवणं ३१ मार्च २०२५ पासून सक्तीचं झालंय). आणि ते शेवटचं लक्षण, एका रात्रीत शेकडो कार्ट, एकच स्वस्त वस्तू, पाठोपाठ फसलेली कार्डं: कोणीतरी बॉट लावून चोरलेली कार्डं चालतात का ते तुमच्या दुकानात तपासतंय. लगेच गेटवेला फोन, सकाळची वाट बघू नका, फसलेल्या व्यवहारांच्या फीसकट गेटवे खातं गोठवण्यापर्यंत जाऊ शकतं.

आधी गेटवेचा सपोर्ट, मग होस्टिंगवाला, मग पैसे देऊन डेव्हलपर, हा क्रम, कारण पहिले दोघे तुमच्या फीमध्येच बसतात. त्यांना "चेकआउट चालत नाही" असं सांगू नका. ऑर्डर नंबर, गेटवेचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ, फोन कुठला, ब्राउझर कुठला, स्क्रीनशॉट, आणि गेल्या दोन आठवड्यांत काय काय बदललं त्याची यादी. कार्डाचा नंबर मेलवर कोणालाही पाठवायचा नाही, सपोर्टवाल्यालाही नाही.

दुरुस्ती एका वेळी एकच करा आणि आधीच्या त्याच वारांशी ताडून बघा, सोमवारची रविवारशी तुलना करून काही कळत नाही. झाल्यावर परत त्याच जुन्या फोनवरून खरी ऑर्डर द्या, पाच मिनिटं थांबून. आणि ती रद्द करायला विसरू नका, मी एकदा विसरले होते, आठवड्याने दारात पार्सल आलं, नऊ नंबरचे पुरुषांचे बूट.